आतल्या बाजूच्या खुणा

१

दर रविवारी बाप हद्द फिरायचा. चर्च नव्हतं, पाद्री नव्हता. तेव्हा सकाळी बायबलमधलं एक पान मोठ्यानं वाचायचं, मक्याचा घाटा खायचा आणि हातकुऱ्हाड कमरेला खोचून स्वतःच्या झाडांचं दर्शन घ्यायला निघायचं, हा त्याचा धर्म. बरोबर मी. मला धर्मही नव्हता आणि झाडांची हौसही नव्हती, पण बंदूक धरायला दुसरं कोणी नव्हतं.

आमच्याकडे जमीन अशीच मिळते. व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून यायचं, एखाद्या ओहोळाच्या उगमाशी उभं राहायचं आणि नजरेत भरलेल्या तुकड्याच्या कडेकडेनं झाडांची साल उडवून उघड्या लाकडावर आपली खूण कोरायची. मग ओंडक्यांचं घर उभं करायचं आणि मक्याचं एक पीक काढायचं. झालं, तुकडा तुमचा. त्यावर आधी कोण राबत होतं हे विचारायचं नसतं. आमच्या घरामागच्या सपाटीवर इथल्या मूळच्या शॉनी लोकांनी मक्यासाठी रचलेल्या मातीच्या ओळी अजून दिसत होत्या. त्यांचं गाव आमच्याच फौजेनं जाळलं. बाप त्या ओळींना देवाची कृपा म्हणायचा, कारण त्याची खणायची मेहनत वाचली.

बापाचं नाव ओबादाया करूथ. त्याची खूण म्हणजे दोन तिरके घाव, घराच्या छपरासारखे. खूण नेहमी झाडाच्या बाहेरच्या अंगाला करायची, येणाऱ्याला दिसेल अशी. घरातल्यांना ती दाखवून काय उपयोग?

त्या रविवारी उगमाजवळच्या बीच जातीच्या झाडाशी बाप थांबला, स्वतःच्या खुणेवरून बोट फिरवलं, आणि मी लघवीला म्हणून झाडाच्या पलीकडे गेलो. म्हणजे आतल्या अंगाला, घराकडे असतं त्या अंगाला. समोर खोडावर एक खूण होती.

तीन उभे घाव आणि खाली एक आडवा.

"बा," मी म्हणालो, "इकडे या."

"तुझं आटप आधी."

"या म्हणतो ना."

तो आला. खुणेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू केलीस?"

"मी कशाला करू?"

"शाळेतून पळालेली पोरं काय वाटेल ते करतात."

ही त्याची नेहमीची गोळी. पेनसिल्व्हेनियात एका पाद्र्याच्या शाळेत त्यानं मला घातलं होतं, पुढे कोर्टकचेरीचे कागद वाचायला घरचाच माणूस फुकट मिळावा म्हणून. तिथला मास्तर लॅटिनची क्रियापदं छडीनं शिकवायचा. एक दिवस मी छडी मोडून त्याच्या टेबलावर ठेवली आणि चालू लागलो. तेव्हापासून माझं जेरेड हे नाव बापाच्या तोंडी क्वचितच येतं. तो मला पंडित म्हणतो.

माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं, दुसरंच काहीतरी दिसत होतं. झाडाला घाव घातला की कडेची साल सावकाश आत वळत जाते, ओठासारखी. त्याला वर्षं लागतात. आमच्या खुणेची कड अजून कोरी होती. या खुणेचे ओठ जाड झाले होते, जवळजवळ मिटत आले होते. खूण आमच्याहून जुनी होती. कितीतरी जुनी.

आणि गेल्या रविवारी मी त्याच झाडाला, त्याच अंगाला पाठ टेकून बसलो होतो.

२

माणूस स्वतःची समजूत काढतो. मीही काढली. पाठ टेकून बसलेल्याला पाठीमागचं दिसत नाही. आम्ही आल्यापासून कुणी त्या अंगानं निरखून पाहिलं नसेल. कुणी शिकारी पूर्वी येऊन गेला असेल आणि खूण करताना दिशा चुकला असेल. बापही तेच म्हणाला, फक्त शिव्या घालून.

मग बाकीची झाडं बघितली. हद्दीच्या प्रत्येक झाडावर बाहेरून आमचं छप्पर होतं आणि आतून ते तीन उभे, एक आडवा.

"शॉनी," बाप म्हणाला.

"शॉनी लोक झाडावर खूण करून जमीन घेत नाहीत, बा. ती अक्कल आपली."

"तुला फार माहीत."

पुढच्या आठवड्यात ती खूण शेतात आली. जंगल मोडताना सगळी झाडं तोडायला वेळ नसतो. साल गोल सोलून झाड उभंच वाळू द्यायचं आणि खालच्या मोकळ्या उजेडात मका लावायचा, ही इथली रीत. आमच्या मक्यात अशी मेलेली झाडं पांढरी होऊन उभी होती. त्यातला एक अक्रोड मी स्वतः सोलला होता. त्याच्या लाकडावरचा प्रत्येक घाव मला ओळखीचा होता, कारण त्या दिवशी बापावरचा सगळा राग मी त्या झाडावर काढला होता. त्याच अक्रोडाच्या घराकडच्या अंगाला खूण होती आणि तिच्याभोवती साल वळलेली होती.

त्या झाडाला साल राहिलीच नव्हती. ती मी सोलली होती. फक्त खुणेभोवती हाताच्या पंजाएवढी होती, जिवंत आणि ओलसर.

मी ती नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

घरी येऊन मी सरळ सांगितलं, "आईला आणि केझीला घेऊन मी नदीकाठच्या गढीवर जातो. हिवाळाभर तिथे राहू. तिथे माणसं आहेत."

केझी म्हणजे केझाया, माझी धाकटी बहीण. दुधाचे दात नुकतेच पडून संपले होते. ती चुलीपाशी बसून भोपळ्याच्या कवचाला पळीचा दांडा बांधत होती आणि सगळं ऐकत होती.

"पीक निघायच्या आत घर सोडलं तर हक्क गेला," बाप म्हणाला. "घरात चूल पेटती पाहिजे, शेतात कणसं पाहिजेत. कायदा आहे."

"चूल तुम्ही पेटवा. त्या दोघींना का अडकवता?"

"आणि कणसं कोण सोलणार? तुझा लॅटिनचा मास्तर?"

आई म्हणाली, "जेरेड, जेवताना नको."

आईचं नेहमी असंच. जेवताना नको, रविवारी नको, पाहुण्यांसमोर नको. व्हर्जिनियातलं घर विकतानाही ती अशीच म्हणाली होती. बापाच्या पापांत तिचा वाटा किती, हे मी कधी मोजलं नाही, पण वाटा होता.

३

टोलिव्हर म्हातारा कातडी घेऊन गढीकडे निघाला की वाटेत आमच्याकडे उतरायचा. शिकारी माणूस. उजवा कान अस्वलानं नेलेला, आणि तो कान अस्वलाच्या पोटात अजून आपली निंदा ऐकतो असं सांगायचा. आमच्या भागात कुणाच्या घराशी थेट जायचं नसतं. शेताच्या कडेला उभं राहून आधी हाक घालायची आणि आतून 'या' म्हटल्यावरच पाय टाकायचा. नाहीतर गोळी खायची. टोलिव्हरची हाक कोसावरून कळायची.

"हो, घरातले! करूथ! भुकेला माणूस आलाय, बंदूक झाकून ठेव आणि भांडं उघडं ठेव!"

"ये रे, एककान्या!" बापानं आवाज दिला.

"बाईसाहेब, मांस शिजतंय की नवरा?" शेत ओलांडत टोलिव्हर म्हणाला.

"नवरा शिजत नाही," आई म्हणाली. "फार जून आहे."

बाप हसला. त्या वर्षात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

मग टोलिव्हर अक्रोडाजवळून आला आणि त्याचं तोंड बंद झालं. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, झाडाभोवती फिरला, पलीकडच्या झाडाकडे गेला, परत आला.

"ही कुणाची?"

"कुणी आलं असेल पूर्वी," बाप म्हणाला. "मी वरून माझी ठोकणार आहे."

"ठोकू नको."

"का?"

"ओबादाया, जुन्या खुणेवर कुणी आपली ठोकतं का? जुन्या खुणेवाल्याला काहीतरी देऊन मोकळं करतात. घोडा, बंदूक, जे असेल ते. भांडण्यापेक्षा स्वस्त पडतं. मी स्वतः एक कढई घेऊन एक दरी सोडली होती. मूर्ख होतो. चांगली दरी होती."

"द्यायला माणूस तर पाहिजे समोर."

टोलिव्हरनं बंदूक झाडाला टेकवली. मग मला म्हणाला, "पोरा, तू शिकलेला आहेस. मला सांग. खूण कुणीकडे तोंड करून असते?"

"बाहेर. येणाऱ्याकडे."

"मग या कुणीकडे तोंड करून आहेत?"

"घराकडे."

"म्हणजे यांच्या हिशेबानं बाहेर कोण आणि येणारे कोण?"

बाप म्हणाला, "तुझा कान गेला तेव्हा मेंदूही थोडा सांडला होता."

"असेल," टोलिव्हर म्हणाला. हरणाचं मांस शिजलं होतं, मक्याची भाकरी तव्यावर होती. त्या माणसानं आमच्याकडचं जेवण कधी सोडलं नव्हतं. आईनं ताटली पुढे केली तर म्हणाला, "पुढच्या खेपेला, बाईसाहेब. पाऊस गाठेल." आभाळात ढग नव्हता.

जाताना तो शेताच्या कडेला थांबला. मागे वळून घराकडे नाही, समोर जंगलाकडे तोंड करून त्यानं टोपी काढली. मग डोकं खाली घालून झपाझप गेला.

४

नंतर ती खूण घरात आली.

आई भिंतीच्या फटी मातीनं लिंपत होती. हिवाळ्याआधी ते करावंच लागतं, नाहीतर वारा अंथरुणात येऊन झोपतो. चुलीशेजारच्या ओंडक्यापाशी तिचा हात थांबला. मग तिनं मूठभर माती घेतली आणि तिथेच थापली. फट नव्हती तिथे.

मी जाऊन माती काढली. तीन उभे, एक आडवा, आणि कडेनं वळलेली साल. हा ओंडका मी आणि बापानं ओढून आणला होता, तासला होता, धुरानं काळा झाला होता. खूण आतल्या अंगाला होती, म्हणजे चूल, अंथरुणं आणि आमची तोंडं यांच्याकडे.

"तू बघितलीस, आई."

"धूर धरलाय. डाग आहे."

"हा डाग?"

"मला कामं आहेत, जेरेड."

बाप आला, बघितलं, कुऱ्हाड उचलली आणि त्या खुणेवर आपलं छप्पर ठोकलं. घाव बसताना ओंडका जसा वाजायला हवा तसा वाजला नाही. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं. हा आवाज ओला आणि जड होता. कुऱ्हाडीच्या पात्यावर रस आला. बापानं तो विजारीला पुसला.

सकाळी त्याचे दोन्ही घाव बुजलेले होते. ते तीन आणि एक तेवढे होते.

बाप भिंतीसमोर येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावर भीती असती तर मला बरं वाटलं असतं. त्याचा चेहरा बाजारात बैल पारखताना व्हायचा तसा झाला होता.

"एककान्या खरं बोलला," तो म्हणाला. "देऊन मोकळं करू."

"काय देणार?"

"मीठ. आणि पितळी किटली."

"आणि कुणाला?"

"ठेवून यायचं. उगमाच्या झाडाशी. घेणारा घेईल."

"नाहीतर आपणच निघून जाऊ. आज. मीठ घेऊन, किटली घेऊन."

"माझ्या बापाला जमीन नव्हती," बाप म्हणाला. "दुसऱ्याच्या शेतावर जन्म काढला आणि दुसऱ्याच्या शेतात पुरला. ही जमीन माझी आहे, मी इथून हलणार नाही. तुला जायचं तर दार उघडं आहे."

"मी दोघींना घेऊन जाईन."

"माझी बायको आणि माझी पोर."

त्यानं जमिनीबद्दल बोलताना आणि त्या दोघींबद्दल बोलताना एकच शब्द वापरला आणि त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुपारी त्यानं मला खालच्या शेतात कुंपणाला फाटे फोडायला धाडलं. मी गेलो. परत आलो तेव्हा मीठ आणि किटली जागेवर नव्हती आणि केझीही नव्हती.

"कुठे आहे ती?"

"सामान ठेवून येईल. लांब नाही," बाप म्हणाला.

"तुम्ही का नाही गेलात?"

"मी माझ्या जमिनीवर हात जोडून उभा राहू? पोर गेली तर शेजारधर्म दिसतो. मी गेलो तर हार दिसते."

आई कणसं सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

५

मी अर्ध्या वाटेवर पोचलो तेव्हा केझी येताना दिसली. हातात किटली, पाठीवर मिठाची पिशवी. धावत नव्हती, रडत नव्हती.

"घेतलं नाही त्यांनी?" मी विचारलं.

"नाही."

"कुणी होतं का तिथे?"

तिनं विचार केला. लहान पोरं उत्तर माहीत नसलं की विचार करतात तसा नाही. सांगावं की नाही याचा विचार.

"म्हणाल्या, सामान नको."

"कोण म्हणालं?"

"चल ना, आई वाट बघत असेल," ती म्हणाली, आणि मला बरं वाटलं. ते मूर्खपणाचं होतं, कारण कुठली आई हे मी विचारलं नाही.

शेताच्या कडेशी ती थांबली. मक्याच्या पहिल्या ओळीत पाय टाकायच्या आधी तिनं तोंडाभोवती हात धरले आणि हाक घातली, "हो, घरातले!"

मला वाटलं चेष्टा करतेय, टोलिव्हरची नक्कल. मी हसलो. ती हसली नाही. आतून कुणी 'ये' म्हणेपर्यंत ती तशीच उभी राहिली. शेवटी आई दारात आली, कमरेच्या फडक्याला हात पुसत, आणि काहीतरी कळल्यासारखं तिचं तोंड झालं. मग ती म्हणाली, "ये, ये बाळ."

केझी आत गेली. दारात पाय पुसले. स्वतःच्या घरी तिनं आजवर कधी पाय पुसले नव्हते.

संध्याकाळी आई तिचे केस विंचरत होती. मानेवरून वेणी बाजूला घेतली आणि मला दिसलं. मानेच्या मुळाशी, पाठीकडे. तीन उभे वण, खाली एक आडवा. पांढरे पडलेले. जखम भरून कितीतरी वर्षं झाल्यासारखे.

"हे काय आहे?"

"काय?" आई म्हणाली.

"तिच्या मानेवर."

"ते जुनं आहे. रांगत होती तेव्हा चुलीच्या सळईवर पडली होती. तुला आठवत नाही, तू शाळेत होतास."

मी शाळेत होतो हे खरं होतं.  पण ओहोळावर तिला मीच पोहायला शिकवलं होतं, ओले केस मीच पिळून दिले होते. मान कोरी होती. तरीही शपथ घेऊन सांगता येईल का, असा विचार मनात आलाच. झाडाच्या वेळीही तोच आला होता. मी आईकडे बघितलं. ती त्याच एका बटेतून पुन्हा पुन्हा फणी फिरवत होती आणि तिचे डोळे कोरडे होते.

६

खुणा थांबल्या. बाप रोज हद्द फिरू लागला आणि रोज हलक्या पावलानं परत येऊ लागला. अक्रोडावरची हिरवी साल वाळून गळून पडली, खाली माझेच घाव होते. चुलीशेजारचा ओंडका पुन्हा काळा झाला. बापानं त्यावर आपलं छप्पर ठोकलं आणि आवाज टणक आला.

"मीठही वाचलं," तो म्हणाला. खरंच म्हणाला.

"कशात वाचलं, बा? तुम्ही दिलं काय मग?"

"काही नाही. माणूस समजूतदार निघाला."

केझी जेवायला बसे ती बाकाच्या टोकाला. वाढलेलं नीट संपवी. मग म्हणे, "फार छान झालं होतं." आमच्या घरात जेवणाबद्दल असं कुणी बोलत नाही. काम सांगितलं तर करी, पण सरपण कुठे ठेवायचं ते विचारून. एकदा तिनं बापाला विचारलं, "तुम्हाला इथे येऊन किती दिवस झाले?"

बाप भाकरी मोडता मोडता थांबला. "तुला माहीत नाही?"

"तसं नाही. चांगली जागा निवडलीत," ती म्हणाली, मोठ्या बाईसारखी. "पाणी जवळ आहे."

बाप माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच शिकवतोस हिला ही थेरं."

मका पिकला होता. दिवसभर आम्ही कणसं तोडायचो आणि केझी आमच्यामागून टोपली घेऊन यायची. मेलेल्या झाडांमधून चालताना ती मधेच थांबे आणि ओहोळापलीकडे बघून मान हलवी, जशी आपण दुसऱ्या खोलीतून आलेल्या हाकेला हलवतो. मीही कान द्यायचो. वाऱ्यानं मक्याची पानं घासत. दुसरं काही नसे. एकदा लाकूड फोडल्याचा आवाज आला. दूरचा, एकसारखा, सवयीच्या हातांचा. बाप माझ्या शेजारी होता. त्यालाही आला. तो जोरात खोकला आणि तोडलेलं कणीस पुन्हा तोडायला गेला.

तेव्हा मी ठरवलं. पीक निघालं होतं, हक्क झाला होता. आता त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं, आणि मी परवानगी मागणार नव्हतो.

७

सकाळ स्वच्छ होती. बाप कोठार शाकारत होता. मी बंदूक घेतली, थोडी भाकरी घेतली आणि केझीला म्हटलं, "चल, गढीवर जाऊ. तिथे मुली आहेत तुझ्याएवढ्या."

"बरं," ती म्हणाली.

आई दारात होती. मी तिला म्हटलं, "तूही चल."

तिनं केझीच्या खांद्यावर शाल टाकली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "तू तिला ने," ती म्हणाली. "नेता येत असेल तर."

गढीची वाट उगमापाशी ओहोळ ओलांडून जाते. केझी माझा हात धरून चालत होती. हात गरम होता, थोडा चिकट, सकाळच्या मधाचा. मी हे मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. तो माणसाचा हात होता आणि माझ्या बहिणीचा होता.

बीचच्या झाडापाशी तिनं हात सोडवून घेतला.

"इथे थांबायचं," ती म्हणाली.

"कशाला?"

"असं थेट नाही जायचं कुणाच्यात. आधी हाक घालायची."

आणि जंगलाकडे तोंड करून तिनं हाक घातली, "हो, घरातले!"

मी तिला उचलायला हवं होतं आणि उचललंही, कमरेला धरून, खांद्यावर. ती धडपडली नाही. मी झाडावरून पुढे पाऊल टाकलं आणि समोरून बाईचा आवाज आला, अगदी साधा, कामात असलेल्या बाईचा, उशीर झाल्यावर रागावणाऱ्या बाईचा.

"ये की! किती वेळ?"

मी बघितलं. झाडं होती तीच. पण त्यांच्यामध्ये, जिथे मी शिकारीला शंभरदा गेलो होतो, तिथे उजेड जास्त होता, मोडलेल्या रानात असतो तसा. त्या उजेडात ओंडक्यांची एक कड होती, एक कोपरा. धूर वर जात नव्हता. जमिनीलगत आमच्याकडे पसरत येत होता. कोपऱ्याशी एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता, हातात कुऱ्हाड. तो झाडावरची खूण बोटानं चाचपत होता, सावकाश, रविवारी चाचपतात तशी. त्याची पाठ थकलेली होती. मग तो वळायला लागला. मी त्याचा कान आणि गालाची कड बघितली आणि डोळे खाली घातले. का घातले ते सांगता येणार नाही. त्या गालात भयानक काहीच नव्हतं. पण ज्या नजरेनं आम्ही झाडांकडे बघतो त्या नजरेनं तो माझ्याकडे बघणार होता, एवढं मला कळलं.

खांदा हलका झाला. केझी खाली उतरली होती. पानांवर तिची पावलं वाजली, आधी चालत, मग पळत.

मीही हाक घातली. रीतीप्रमाणे, झाडाशी उभं राहून, नंतर रीत सोडून. घसा बसेपर्यंत. मला कुणी 'ये' म्हटलं नाही. मग मी न बोलावता घुसलो. तिथे जंगल होतं. दुपार ढळेपर्यंत फिरलो. एकही झाड तोडलेलं नव्हतं. जमीन मऊ होती, न नांगरलेली.

८

बाप कोठारावरून उतरला नव्हता. मला एकट्याला येताना त्यानं वरून बघितलं. त्याच्या तोंडात लाकडी खुंट्या होत्या. त्यानं एक काढली, ठोकली, दुसरी काढली.

"केझी गेली," मी म्हणालो.

ठोकणं चालू राहिलं.

"ऐकू येतंय का? तुमची पोर गेली."

"गढीवर?"

"तुम्हाला माहीत आहे कुठे."

तो माझ्याकडे पाठ करून पुढची खुंटी लावू लागला. मग म्हणाला, "लोक पोरी लग्न करून देतात. आठ दिवसांच्या वाटेवर देतात. पुन्हा तोंड दिसत नाही."

मी बंदूक उचलली होती. तो पाठ करून बसला होता आणि मी ती उचलली होती, इतकं सांगतो. मग खाली ठेवली. त्याला मारलं असतं तर ती जमीन त्याच्याच नावावर कायमची झाली असती, त्याला तिच्यातच पुरावं लागलं असतं.

सामान घ्यायला घरात गेलो. आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं नाही काय झालं. मी माझी घोंगडी गुंडाळली, चाकू घेतला. दारापर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "जेरेड."

मला वाटलं आता ती म्हणेल, जेवून जा.

"तू बघितलंस त्यांना?"

"थोडं."

ती हातातल्या फडक्याची घडी घालत होती. घडी लहान होत गेली, आणखी घालता येईना एवढी.

"त्यांच्याकडे गाय होती का रे?"

मी गाय बघितली नव्हती. कोपरा बघितला होता, धूर, आणि एक पाठ.

"होती," मी म्हणालो. "दुभती होती."

"बरं," आई म्हणाली, आणि चुलीकडे वळली.